निकालताई

माझी धाकटी जाऊ उत्तर द्यायला लागली की समोरचा माणूस गप्पच व्हायचा. आवाज चढवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि मग चूक तुमचीच आहे हे अशा काही गोड आवाजात सांगायची की माणूस वर तिचेच आभार मानायचा. मी तळमजल्यावर पार्लर चालवते, दिवसभर बायकांची डोकी माझ्या हातात असतात, पण ही कला मला आजवर जमलेली नाही. माझं आपलं नाकावर राग आणि जिभेवर उत्तर.

धाकटीने ती कला नोकरीत कमावली होती. कपडे धुण्याची मशिनं विकणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारींना लेखी उत्तरं द्यायची. लोक रागारागाने लिहून पाठवायचे, मशीन उड्या मारतं, पाणी गळतं, नवाकोरा शर्ट फाडला. हिने ठरवायचं की दोष मशीनचा, गिऱ्हाइकाचा, की कुणाचाच नाही. त्यांची एक पद्धत होती. तक्रार आली की आधी पाठवणाऱ्याचं नाव झाकायचं. स्क्रीनवर तशी सोयच करून ठेवली होती, कारण नाव दिसलं की उत्तर देणारा विरघळतो म्हणे. मग फक्त पहिल्या तीन ओळी वाचायच्या. त्यात दोष सापडलाच पाहिजे, पुढचं सगळं रडगाणं असतं, असं तिची वरची बाई सांगायची. आणि उत्तरात 'कदाचित' हा शब्द दिसता कामा नये. धाकटीचं उत्तर गेलं की ती तक्रार पुन्हा उलटून यायची नाही. ऑफिसच्या भिंतीवर तिचा फोटो लावला होता, त्याचा तिला केवढा अभिमान.

आमची बिऱ्हाडं एकाच जिन्यावर, समोरासमोर. सासूबाई धाकट्यांकडे राहतात. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण कान मिटून बसायचं. घरातही त्यांचं तसंच. एखाद्याचं चुकलं तर त्या त्याला कधी सांगणार नाहीत, तिसऱ्यालाच सांगतील. माझ्याबद्दलच्या सगळ्या तक्रारी मी लग्न झाल्यापासून वन्संच्या, म्हणजे आमच्या नणंदेच्या, तोंडून ऐकत आलेय.

धाकटीला मुलगी झाली, तिला आम्ही सगळे बबडी म्हणायला लागलो. धाकटीला आई नव्हती, ती कॉलेजात असतानाच गेली. मला मूल नाही, त्यामुळे मुलांच्या बाबतीत माझं मत या घरात कुणी धरत नाही. उरल्या सासूबाई. त्यांनी सुरुवातीला एकदोनदा धाडस करून सांगून पाहिलं, अशी धर, तशी निजव. धाकटी गोड आवाजात म्हणाली, "आई, आता असं नाही करत." झालं. त्या दिवसापासून बाईंनी तोंडाला कुलूप घातलं.

आणि बबडी रडायची. अशी रडायची की खाली ड्रायरच्या आवाजातही मला ऐकू यायचं. धाकटीला प्रत्येक गोष्टीचं कारण लागायचं आणि पोर कारण सांगत नव्हती. मशीनबरोबर निदान एक पुस्तिका येते, पोरीबरोबर तीही आली नव्हती. मग तिने फोनवर नव्या आयांचा एक ग्रुप शोधला. हजारो बायका, अर्ध्या टोपणनावाने, सगळ्या एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने लिहिणाऱ्या.

मी उगाच त्या ग्रुपला शिव्या देणार नाही. सुरुवातीला त्याने तिला हात दिला. शीचा रंग हिरवा दिसला तर घाबरायचं कारण नाही, छाती दुखत असेल तर कोमट फडकं ठेवावं, पोर पाय पोटाशी घेऊन रडत असेल तर बहुतेक वारा धरलाय, हे सगळं तिला तिथे कळलं. कुणीतरी परकी बाई लिहायची, माझंही काल असंच झालं, आणि ही इथे सुटकेचा श्वास टाकायची. तेवढ्यावर थांबली असती तर मी आज हे सांगत बसले नसते.

पण तिथे तक्रारी होत्या. रोज, ढिगाने. नवरा उठत नाही, सासू ऐकत नाही, बाळ झोपत नाही. आणि धाकटीची बोटं शिवशिवायला लागली. रजेवर असलेली बाई, दिवसभर पोरीपुढे हरलेली, तिला अचानक असं काहीतरी सापडलं जे तिला येत होतं. तिने एकीला उत्तर लिहिलं. तीन ओळी वाचायच्या, दोष कुणाचा ते ठरवायचं, मग ठणकावून सांगायचं. त्या बाईने हात जोडले. मग दुसरीने विचारलं, मग दहाजणींनी. धाकटीने टोपणनाव घेतलं होतं, पण बायकांनीच तिचं बारसं केलं. एखाद्या गोष्टीवर वाद झाला की त्या लिहायच्या, थांबा, निकालताईंना येऊ दे.

मला तिने हे पार्लरमध्ये येऊन हसत हसत दाखवलं. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. "ताई, बघा ना, चारशे जणींनी लाल बदाम दिलेत," म्हणाली. बबडी तिच्या मांडीवर होती आणि तिची मान एका बाजूला कलली होती. मी ती सरळ केली.

सासूबाईंनाही तिनेच त्या ग्रुपात घातलं, त्यांच्या हातातून फोन घेऊन. "आई, वाचत जा. आजकाल कसं करतात ते कळेल," म्हणाली. बाईंनी मान डोलावली. त्या खरंच वाचायला लागल्या. चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून, सगळं. लिहीत मात्र काही नव्हत्या.

मग कधीतरी धाकटी बदलली. नेमकं कधी, सांगता येत नाही. तिचे केस चिकट दिसायला लागले, आणि केस पाहून मला माणूस कळतो. एका दुपारी ती खाली आली, खुर्चीत बसली आणि आरशात न बघता म्हणाली, "ताई, कापून टाका सगळे."

"सगळे म्हणजे?"

"म्हणजे धुवायला लागणार नाहीत इतके."

मी कात्री ठेवली. विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "तिच्याकडे बघितलं की मला काहीच वाटत नाही. राग नाही, प्रेम नाही. ती रडते आणि मला ते शेजारच्या घरातून आल्यासारखं ऐकू येतं."

म्हटलं, "भाऊजींना सांग. डॉक्टरकडे जा. मी येते बरोबर."

"नको. कुणाला कळता कामा नये. कळलं तर काढून घेतील तिला माझ्याकडून."

"कोण काढून घेईल? आणि असं होतं गं बाळंतपणानंतर, किती बायकांना होतं. या खुर्चीत बसून रडल्यात माझ्याकडे."

"ग्रुपवर म्हणतात, ही सगळी रिकामपणाची दुखणी आहेत. आई झाल्यावर असले लाड चालत नाहीत."

"कोण शहाणी म्हणते असं?"

ती आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "मीच म्हणते."

एका बाईने अगदी हेच दुखणं लिहिलं होतं, आणि निकालताईंनी तिचा निकाल लावला होता. आता त्याच दारातून आत जायची हिची सोय राहिली नव्हती. मी तिला दोन दिवस डॉक्टरकडे चल म्हणून टोचत राहिले. ती गोड हसून टाळत राहिली आणि वर जाऊन पुन्हा लोकांच्या तक्रारी सोडवायला बसली. त्या बाबतीत तिचं काही बिघडलं नव्हतं. उलट उत्तरं जास्तच धारदार झाली होती.

सासूबाईंना हे दिसत नव्हतं असं नाही. दिवसभर त्याच घरात होत्या त्या. एका दुपारी बबडी रडून रडून घोगरी झाली, दुपटं ओलंचिंब झालं, आणि धाकटी बाजूच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून फोनवर टाइप करत बसलेली होती. बाईंनी पोरीला उचललं, कोरडं केलं, सुनेला एक शब्द बोलल्या नाहीत. आणि आयुष्यभराच्या सवयीने गेल्या तिसऱ्याकडे. मला येऊन सांगितलं असतं तर मी जिना डोक्यावर घेतला असता, पण मला नाही सांगितलं. त्या ग्रुपवर लिहिलं, नाव झाकून. सुनेने ओळखू नये म्हणून मुलीचा मुलगा केला आणि सून म्हणण्याऐवजी नात्यातली एक बाई म्हटलं.

त्यांनी लिहिलं होतं: "आमच्या नात्यात एकीला मुलगा झाला आहे. बाळ रडलं तरी ती उठत नाही. दिवसभर फोन घेऊन बसते, पाजताना भिंतीकडे बघते. मुलगी स्वभावाने चांगली आहे, पूर्वी अशी नव्हती. तिचे डोळे सारखे भरलेले असतात. मला वाटतं तिला काहीतरी होत आहे, पण विचारायचं कसं ते मला कळत नाही. कुणी सांगाल का?"

बायकांनी लगेच हाका मारल्या, निकालताई, निकालताई. आणि निकालताई आल्या. पहिल्या तीन ओळी वाचल्या. नाव झाकलेलं होतंच.

"दोष आईचा. यात दुसरं मत असूच शकत नाही. रडणाऱ्या बाळाकडे जी बघत नाही तिच्या हाती बाळ ठेवू नये. त्याला घरातल्या दुसऱ्या जबाबदार बाईकडे द्या. ती रडेल, भांडेल, विरघळू नका. बाळ लांब गेलं की आपोआप ताळ्यावर येईल."

बदामांचा पाऊस पडला. सासूबाईंना वाटलं, कुणी मोठी जाणकार बाई असणार. फोन मुलासमोर धरला. आणि आमचे भाऊजी! बायको रोज समोर वाळत चालली होती ते या माणसाला दिसलं नव्हतं, पण फोनवरच्या चार ओळी लगेच पटल्या. त्यांनी बहिणीला बोलावून घेतलं.

सकाळची वेळ होती. माझं दार उघडं होतं, मी दुकानात जायला निघाले होते. वन्सं बबडीला घेऊन बाहेरच्या खोलीत उभ्या, भाऊजींच्या हातात बबडीच्या कपड्यांची पिशवी. धाकटी न्हाणीघरातून ओल्या केसांनी बाहेर आली.

"कुठे निघालीय ही?"

"थोडे दिवस राहू दे माझ्या ताईकडे," भाऊजी म्हणाले. "तुलाही आराम."

"आराम कुणी मागितलाय?"

"हे बघ, आम्ही मनाने नाही ठरवलं. एका जाणत्या बाईला विचारलंय." आणि त्यांनी फोन तिच्यापुढे धरला.

मी उंबऱ्यातून तिचा चेहरा बघत होते. वाचताना तो पांढरा पडत गेला. शेवटी ती म्हणाली, "हे मी लिहिलंय."

"काय?"

"ही बाई मी आहे. हे उत्तर मी दिलंय. मला माहीत नव्हतं, तुम्ही माझ्याबद्दल विचारताय."

सासूबाई चपलांच्या स्टुलावर बसल्या. वन्संनी बबडीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. मला वाटलं, आता पिशवी खाली ठेवतील, आता कुणीतरी हसेल किंवा रडेल, आणि हा मूर्खपणा संपेल. भाऊजींनी फोनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "मग तुलाही तेच वाटतं ना."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी त्यांना तिथेच फैलावर घेतलं असतं. माणसाला खरोखरच हायसं वाटलं होतं. घरात सगळ्यांचं एकमत झालं होतं.

वन्सं जिना उतरायला लागल्या, बबडी रडायला लागली, आणि त्या आवाजाबरोबर धाकटीच्या गाऊनचा पुढचा भाग ओला होत गेला. तिने दोन्ही हात छातीवर आडवे धरले आणि ती तशीच उभी राहिली. तिला त्या पोरीचं काही वाटत नव्हतं म्हणे.

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. दुकान बंद ठेवलं, तिला डॉक्टरकडे नेलं, आणि सासूबाईंनाही ओढत नेलं. डॉक्टरबाई शांत होत्या. सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत, मधे एक अक्षर न बोलता. मग म्हणाल्या, "या आळशी नाहीत आणि वाईटही नाहीत. आजारी आहेत. बऱ्या होतील. बाळ जवळ असेल तर लवकर होतील, फक्त मदतीला कुणीतरी हवं."

बाहेरच्या बाकावर सासूबाई पुटपुटल्या, "मी तेच तर विचारलं होतं. तिला काहीतरी होतंय का, हेच विचारलं होतं." त्यांनी आपली पोस्ट काढली आणि सुनेसमोर धरली, खालच्या ओळींवर बोट ठेवून. स्वभावाने चांगली आहे. पूर्वी अशी नव्हती. धाकटीने त्या ओळी त्या दिवशी पहिल्यांदा वाचल्या. वाचून ती बाकावर वाकली आणि हमसून हमसून रडली, आणि सासूबाई तिच्या शेजारी हात मांडीत घेऊन बसून राहिल्या. एवढं झाल्यावरही त्या बाईला सुनेच्या पाठीवरून हात फिरवता आला नाही. मला त्यांचा असा संताप आला की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले.

धाकटीने ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. ते उत्तर चुकीचं होतं, ती आई मीच आहे, मी आजारी आहे, असं कुणाला होत असेल तर डॉक्टरकडे जा, बाळ काढून घेऊ नका. माझ्यासमोर बसून, चार वेळा खोडून लिहिलं. एरवी चारशे बदाम मिळवणाऱ्या बाईला नऊ मिळाले. एकीने विचारलं, निकालताई, तुमचं अकाउंट कुणी चोरलं का? दुसरीने लिहिलं, तुमच्याकडून अशी रडारड अपेक्षित नव्हती. तिने जुनं उत्तर पुसलं, पण तोवर बायकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते आणि ते दुसऱ्या ग्रुपांत हिंडत होते. तिने ग्रुप सोडला. तिच्या त्या चार ओळी अजूनही कुठल्या घरात कुणाला दाखवल्या जात असतील, देव जाणे.

आणि बबडी? डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, बाळ जवळ ठेवा. भाऊजी म्हणाले, "आधी गोळ्या लागू पडू देत." गोळ्या लागू पडल्या. मग म्हणाले, "पूर्ण बरी होऊ दे." पूर्ण म्हणजे किती, ते कुणी सांगेना. मी भांडले तर मला ऐकवलं, "वहिनी, तुम्हाला मुलांचं काय कळतं?" मी तो घोट गिळला, कारण माझ्या भांडणाने तिचं पोर आणखी लांबलं असतं. धाकटी दोनदा वन्संकडे जाऊन आली. ती निघाली की बबडी दिवसभर किरकिर करायची, म्हणून वन्संनीच सुचवलं, तूर्तास येऊ नकोस, तिची घडी मोडते. वन्सं काही दुष्ट नाहीत. त्यांची मुलं मोठी होऊन घराबाहेर पडलेली, रिकाम्या घरात पुन्हा एक पोर आलेलं. त्यांनी बबडीला जीव लावला. सगळ्यात कडू तर तेच होतं, कुणाच्या अंगावर जावं असं माणूसच समोर नव्हतं.

धाकटी त्या काळात हळूहळू माणसात आली. केस धुवायला लागली. ती एकच गोष्ट विचारायची, कधी आणणार? आधी नवऱ्याला, मग सासूबाईंना, मग मला. आता तिला सगळं वाटत होतं. नको इतकं वाटत होतं.

बबडी आधाराशिवाय बसायला लागली तेव्हा तिला आणली. धाकटीने घर चकाचक करून ठेवलं होतं. वन्संच्या कडेवर बबडी, गुटगुटीत, दोन दात आलेले. धाकटीने हात पुढे केले. बबडीने एकदा बघितलं आणि वन्संच्या गळ्यात तोंड खुपसलं.

"विसरलीय जरा," वन्सं ओशाळून म्हणाल्या. "लागेल वळण."

धाकटी म्हणाली, "वन्सं, ती काय केलं की गप्प होते?"

स्वतःच्या पोरीबद्दल विचारत होती ती. आणि वन्सं सांगत होत्या. डाव्या खांद्यावर घे. थोपटू नकोस, नुसता हात ठेव. झोप आली की कान ओढते. धाकटी एकेक ऐकत होती, मधे एक शब्द न बोलता, आणि परत विचारत होती, कुठला कान?

वन्सं जायला निघाल्या, तेव्हा त्यांचेही डोळे भरलेले होते. "फार रडली तर फोन कर," म्हणाल्या. "माझा आवाज ऐकला की थांबते."

बबडी रडली. दार लागल्यापासून रडली. धाकटीने तिला डाव्या खांद्यावर घेतलं, पाठीवर नुसता हात ठेवला, खोलीत चालली, खिडकीशी उभी राहिली. पोर दाराकडे झेपावत होती, तिच्या छातीवर हातपाय मारत होती. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात, मी बाहेरच्या. आम्ही दोघी नुसत्या बघत होतो. शेवटी बबडीचा श्वास अडकायला लागला, तेव्हा धाकटीने मला मानेने खुणावलं. मी फोन लावून तिच्या हातात दिला आणि तिने तो बबडीच्या कानाशी धरला.

पलीकडून वन्सं काहीतरी बडबडायला लागल्या. शब्द मला कळले नाहीत, नुसता लाडाचा सूर. बबडी थबकली, हुंदका गिळला, ऐकायला लागली. मग तिने हळूहळू आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि एक कान ओढत डोळे मिटले. धाकटी जागची हलली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोर तिच्या अंगावर झोपत होती.

"झोपली का गं?" फोनमधून आवाज आला. "ठेवू का मी?"

धाकटी कुजबुजली, "नका ठेवू."